पत्रातला हुकूम

कचेरीतील संगणक ईमेलमधून आलेल्या व्हायरसने निकामी झाले की चौकशीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ती फाइल उघडली कोणी?" उघडणारा बहुधा आवक-जावक सांभाळणारा एखादा कारकून असतो, नाहीतर बिलांच्या टेबलावरची एखादी बाई, त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला जातो, अनोळखी ईमेल न उघडण्याविषयी एक परिपत्रक निघते, त्यावर सर्वांच्या सह्या होतात आणि प्रकरण दप्तरी दाखल होते. खुलासा मागणारे साहेब त्या दिवशी त्या टेबलावर बसले असते तर त्यांनीही ती फाइल उघडली असती, ही गोष्ट त्या कागदांत कोठेच नमूद होत नाही. ईमेलच्या व्हायरसांचा सुमारे चार दशकांचा इतिहास जो कोणी सावकाश पाहील त्याला, मला वाटते, या चौकशीची दिशाच चुकलेली आहे असे दिसून येईल. कारण या इतिहासात फसलेल्या माणसांचा भोळेपणा जितका आढळतो त्याहून कितीतरी अधिक, त्यांच्या हाती दिलेल्या यंत्राच्या रचनेतील हयगय आढळते, आणि त्या हयगयीबद्दल खुलासा मागण्याचा प्रसंग मात्र सहसा कोणी येऊ देत नाही.

कागदी पत्रव्यवहाराने माणसाला शेकडो वर्षांत एक गोष्ट नकळत शिकविली होती, ती ही की पत्र नुसते वाचल्याने काही घडत नाही. मजकूर कितीही भयंकर असो, वाचणे आणि करणे यांच्यामध्ये वाचणाराची इच्छा उभी असते. प्रत्यक्ष सरकारी हुकूमनामासुद्धा कोणीतरी वाचून, त्यावरचा शिक्का पाहून, त्याची खातरजमा करून मग अमलात आणावा लागतो. शिवकालीन राजपत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब उमटविण्याचा शिरस्ता होता तो याच हेतूने, की मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एखादी ओळ घुसडली तर ती सरकारची मानू नये, हे साध्या कारकुनालाही एका दृष्टिक्षेपात कळावे. ईमेल आले ते पत्राचेच नाव, पत्राचाच लिफाफा आणि पत्राचीच पेटी घेऊन आले. पण त्याच्या पोटात मजकुराबरोबर हुकूमही दडलेला असू शकतो, आणि त्या हुकुमाची तामिली करणारे यंत्र शिक्का पाहत नाही की कोणाला विचारत नाही, ही वस्तुस्थिती सामान्य माणसाला त्याच्या हाती ईमेल देताना कोणी सांगितली नाही.

या जातीच्या फसवणुकीचा एक फार जुना नमुना डिसेंबर १९८७ मधला आहे. पश्चिम जर्मनीतील क्लाउस्टाल येथील तांत्रिक विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने नाताळच्या शुभेच्छांसाठी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. तो चालविला की पडद्यावर ताऱ्यांच्या खुणांनी रेखाटलेले नाताळचे झाड उमटे, आणि ते पाहण्यात माणूस गुंतलेला असताना तोच प्रोग्राम त्याच्या संगणकातील ओळखीच्या लोकांची यादी वाचून त्या सर्वांना स्वतःची एकेक प्रत रवाना करी. युरोपातील विद्यापीठांच्या जाळ्यातून तो अमेरिकेत गेला, तेथून आयबीएम कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात शिरला, आणि त्या बलाढ्य कंपनीची यंत्रणा त्याने शुभेच्छांनी तुंबवून टाकली. या प्रोग्रामच्या आरंभी लेखकाने वाचणाराला उद्देशून एक सल्ला दिला होता, आणि तो मोठा मार्मिक आहे: ही फाइल वाचत बसण्यात काही गंमत नाही, सरळ 'ख्रिसमस' एवढा शब्द टाइप करा. पुढच्या सगळ्या व्हायरसांनी माणसाला जे करायला लावले ते एवढेच, की वाचू नकोस, चालव.

त्या पोराच्या मनात दुष्टावा नसावा. परंतु त्याच्या झाडाने एक मर्म उघड केले, ते म्हणजे जे पत्र ओळखीच्या माणसाकडून येते ते उघडले जाते, आणि संगणकात ओळखीच्या माणसांची यादी आयतीच ठेवलेली असते. या मर्माला ईमेलच्या मूळ नियमांनीही हातभार लावला. ज्या संकेतानुसार जगभर ईमेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाते तो संकेत जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केला. त्या काळी जाळ्यावरचे संगणक थोडे होते, ते बहुतेक विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे होते, आणि आपण अमुक आहोत असे म्हणणारा माणूस खरोखरच तो असतो असे गृहीत धरणे अगदी स्वाभाविक होते. म्हणून त्या संकेतात पाठविणाराने आपले जे नाव सांगावे ते मान्य करण्याची मुभा राहिली. सही पारखण्याच्या ज्या युक्त्या आज वापरल्या जातात त्या पुष्कळ नंतरच्या, आणि त्यांची अंमलबजावणी अजूनही सर्वत्र सारखी नाही. पोस्टेल यांना यात दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी ओळखीच्या लोकांसाठी नियम केले होते. पण ज्यांनी तेच नियम पुढे बाजारात, बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत जसेच्या तसे नेऊन बसविले, त्यांना ही सवलत देता येत नाही.

४ मे २०००, गुरुवार. फिलिपाइन्समधून निघालेले एक ईमेल त्या दिवशी सकाळ जशी आशियातून युरोपात आणि युरोपातून अमेरिकेत सरकत गेली, कचेऱ्या जशा एकामागून एक उघडत गेल्या, तसे पश्चिमेकडे पसरत गेले. विषयाच्या जागी 'आय लव्ह यू', आत एका ओळीची विनंती, की माझ्याकडून आलेले सोबतचे प्रेमपत्र कृपया पाहावे, आणि खाली जोडलेली एक फाइल. या फाइलीचे नाव जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळी लबाडी त्या नावाच्या शेपटीत होती. पूर्ण नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असे होते. यातील शेवटची 'व्हीबीएस' ही अक्षरे सांगतात की ही फाइल वाचायची नाही, चालवायची आहे. आणि तिच्या आधीची 'टीएक्सटी' ही अक्षरे केवळ सजावट म्हणून बसविलेली, कारण ती साध्या मजकुराची खूण आहे. आता मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीची मूळची मांडणी अशी होती की फाइलीचा प्रकार यंत्राला ओळखीचा असेल तर त्याची खूण सांगणारी शेवटची अक्षरे वापरणाराला दाखवायचीच नाहीत. पडदा म्हणे स्वच्छ दिसावा. त्यामुळे 'व्हीबीएस' लपले आणि 'टीएक्सटी' तेवढे उरले. ज्या कारकुनाने ती फाइल उघडली त्याने डोळे मिटून काही केले नव्हते; त्याने नाव वाचले, ते मजकुराचे आहे असे त्याला दिसले, पाठविणारा त्याच्या ओळखीचा होता, आणि मग त्याने ती उघडली. सावधगिरीच्या ज्या पायऱ्या त्याला शिकविल्या होत्या त्या सगळ्या तो चढला होता, आणि प्रत्येक पायरीवर यंत्राने त्याला खोटे सांगितले होते.

फाइल उघडताच तो प्रोग्राम आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल-प्रोग्राममधील पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवी, संगणक पुन्हा सुरू झाला की आपणही सुरू व्हावे अशी तजवीज करी, आणि डिस्कवर हिंडून छायाचित्रांच्या फाइलींवर स्वतःलाच लिहून टाकी. गाण्यांच्या फाइली तो पुसत नसे, नुसत्या दडवून ठेवी. पासवर्ड चोरणारा दुसरा एक प्रोग्राम संकेतस्थळावरून आणण्याची त्याची धडपड होती, आणि तोच त्याचा मूळ हेतू होता. ब्रिटनच्या पार्लमेंटला आपली ईमेल यंत्रणा बंद करावी लागली. अमेरिकेच्या पेंटॅगॉनलाही या पत्राची झळ पोहोचली. जेथे पत्त्यांची वही मोठी तेथे संहार मोठा, असा त्याचा हिशेब असल्यामुळे ज्या संस्था जितक्या मोठ्या आणि जितक्या शिस्तीच्या, तितक्या त्या लवकर कोलमडल्या.

हा प्रोग्राम लिहिणारा ओनेल दे गुझमान हा मनिलातील एका संगणक महाविद्यालयाचा विद्यार्थी. इंटरनेटचे पासवर्ड कसे मिळवावेत याविषयीचा त्याचा प्रबंधप्रस्ताव महाविद्यालयाने चोरीला उत्तेजन देणारा म्हणून फेटाळला होता. वीस वर्षांनी जेफ व्हाइट या ब्रिटिश पत्रकाराने त्याला मनिलातल्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यावर गाठले, तेव्हा त्याने कबुली दिली की इंटरनेटचे पैसे परवडत नसल्याने त्याला दुसऱ्यांचे पासवर्ड हवे होते, आणि प्रेमपत्राचा मथळा त्याने अशासाठी निवडला की प्रेम कोणाला नको असते. या उत्तरात एक प्रकारचा भाबडेपणा आहे खरा, पण त्याची निवड अचूक होती. त्याच्यावर खटला मात्र उभा राहू शकला नाही, कारण व्हायरस सोडणे हा त्या वेळी फिलिपाइन्सच्या कायद्याने गुन्हाच नव्हता. तसा कायदा जूनमध्ये झाला, तो मागील तारखेने लागू होईना, आणि ऑगस्टमध्ये आरोप काढून घेण्यात आले.

यावर कोणी म्हणेल की प्रेमपत्राला भुलणाऱ्या माणसाची एवढी वकिली कशाला? कचेरीत बसून प्रेमपत्रे उघडणारा नोकर सहानुभूतीला पात्र नाही. हा आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण तो इतिहासाला धरून नाही. कारण यशस्वी झालेल्या व्हायरसांत वासनेला किंवा हौसेला हाक मारणारे थोडे, आणि कामाच्या चाकोरीतून येणारे फार. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या 'मेलिसा'चा उगम अश्लील विषयांच्या एका चर्चागटात झाला हे खरे. पण तेथून बाहेर पडल्यावर तो ज्या पत्राच्या वेषात फिरला त्याचा विषय होता 'अमक्याकडून महत्त्वाचा निरोप', आणि आतला मजकूर होता, तू मागितलेला दस्तऐवज सोबत आहे, दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस. वर्डच्या फाइलीत दडलेला तो मॅक्रो, म्हणजे दस्तऐवजातच ठेवता येणारा छोटा प्रोग्राम, आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला धाडी. जानेवारी २००४ मधला 'मायडूम' तर याहून रुक्ष: आपले पत्र पोहोचू शकले नाही, तपशील सोबत जोडला आहे, असा टपालखात्याच्या परतीच्या शेऱ्यासारखा त्याचा मजकूर असे. आपले पत्र का परत आले हे पाहणे यात कसला मोह आणि कसला अविचार? जो माणूस आपले काम नीट करतो तोच अशी फाइल उघडतो; कामचुकार मनुष्य ती तशीच पडू देतो आणि सुरक्षित राहतो.

ज्या परिपत्रकांत 'अनोळखी ईमेल उघडू नये' असे लिहिलेले असते त्यांची विफलता याहून स्पष्ट करण्याची गरज नाही, कारण ही सारी पत्रे ओळखीच्यांची किंवा खुद्द यंत्राची म्हणून आलेली होती. तरीही एक उदाहरण द्यावेसे वाटते. 'इमोटेट' हा २०१४ मध्ये बँकांच्या ग्राहकांना लुबाडण्यासाठी निघालेला प्रोग्राम पुढे असा प्रगल्भ झाला की एका कचेरीत शिरला की तो तेथील जुना ईमेल-व्यवहार चोरी, आणि चालू असलेल्याच एखाद्या पत्रव्यवहारात, मागच्या पत्रांचा मजकूर खाली जसाच्या तसा ठेवून, त्याला उत्तर म्हणून आपली फाइल जोडून देई. गेल्या मंगळवारी तुम्ही ज्या कोटेशनबद्दल विचारले होते त्याच कोटेशनच्या पत्राला, त्याच माणसाच्या नावे, उत्तर येते. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो पुन्हा हजर झाला. अशा पत्रापुढे सावध राहा म्हणणे म्हणजे आलेल्या कोणत्याही पत्राला उत्तर देऊ नका म्हणण्यासारखे आहे. मग कचेरी उघडायची तरी कशाला?

परंतु प्रतिपक्षाच्या हाती एक खरोखर बळकट पुरावा आहे, आणि तो डावलून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही व्हायरसांत प्रोग्रामच नसतो. नुसता मजकूर असतो, आणि तो माणसाकडूनच सगळे करवून घेतो. १९९४ मध्ये 'गुड टाइम्स' नावाचा इशारा फिरू लागला: या मथळ्याचे ईमेल नुसते वाचले तरी संगणक नष्ट होतो, तेव्हा हे आपल्या सर्व मित्रांना कळवा. असे ईमेल कधीच नव्हते. इशारा हाच रोग होता आणि भल्या माणसांच्या परोपकारबुद्धीवर तो पोसला जात होता. आमच्याकडे पूर्वी घरोघर येणारी संतोषी मातेची पोस्टकार्डे याच कुळातली. एकवीस जणांना लिहाल तर धनलाभ, फाडून टाकाल तर अनिष्ट, आणि ज्यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता अशीही माणसे 'उगाच कशाला' म्हणून एकवीस कार्डे आणवीत. २००१ आणि २००२ मध्ये तर फसवणूक आणखी एक पाऊल पुढे गेली. विंडोजच्या फोल्डरात अमुक नावाची फाइल सापडली तर ती व्हायरस समजून तात्काळ पुसा, असे सांगणारी पत्रे निघाली. दोन्ही वेळा ती फाइल विंडोजचीच निरुपद्रवी फाइल होती, म्हणून ती बहुतेकांच्या संगणकात सापडे, आणि सापडली म्हणजे पत्र खरे ठरे. त्यांतल्या एकीचे चिन्ह म्हणून अस्वलाच्या पिलाचे चित्र होते. लोकांनी ते अस्वल पाहिले, घाबरले, पुसले आणि मित्रांना कळविले.

येथे यंत्राने काही केले नाही, माणसानेच केले, हे मला मान्य आहे. पण ते का केले? 'जेडीबीजीएमजीआर' असे उच्चारताही न येणारे नाव आणि त्याशेजारी अस्वल: ही फाइल कोणाची, कशासाठी, ठेवावी की काढावी, हे ठरविण्याचे कोणतेही साधन त्या माणसाला दिलेले नव्हते. स्वतःच्या मालकीच्या यंत्राच्या आत काय आहे हे ज्याला कळू शकत नाही, तो मित्राच्या शब्दावर विसंबणार नाही तर कोणाच्या? 'गुड टाइम्स'बाबत तर आणखी एक गोष्ट घडली. त्या इशाऱ्याला जाणकार हसत असत, कारण नुसते पत्र वाचून संगणक बिघडणे अशक्य आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि १९९४ मध्ये ते खरेही होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये 'बबलबॉय' निघाला. त्याला कोणतीही फाइल जोडलेली नव्हती. आउटलुकमध्ये ते पत्र उघडणे पुरे होते, आणि आउटलुक एक्सप्रेसमध्ये तर बाजूच्या चौकटीत ते नुसते दिसले तरी भागत असे. पत्रे अधिक सुंदर दिसावीत म्हणून त्यांत प्रोग्राम चालू देण्याची सोय मधल्या काळात केली गेली होती. अडाण्यांची अफवा पाच वर्षांत कोणी खरी केली असेल तर ती जाणकारांनी.

कायद्याचे पाहू गेल्यास आपल्याकडे तो, योगायोगाने, त्या प्रेमपत्राच्याच वर्षी आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाला ९ जून २००० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १७ ऑक्टोबरपासून तो अमलात आला. त्याच्या कलम ४३ मध्ये व्हायरसची व्याख्या आहे आणि परवानगीविना तो दुसऱ्याच्या संगणकात सोडणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी आहे. २००८ च्या दुरुस्तीने संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, आणि लोकांची नाजूक माहिती बाळगणाऱ्या संस्थांच्या हलगर्जीपणालाही भरपाईच्या कक्षेत आणले गेले. ही तिन्ही कलमे योग्यच आहेत. त्यांत सोडणारा आहे, तोतया आहे, माहितीचा राखणदार आहे. ज्याने मजकूर आणि हुकूम यांमधली भिंत सोयीसाठी पाडली तो सॉफ्टवेअरचा कर्ता मात्र यांत नाही. पूल कोसळला तर आपण अभियंत्याला बोलावतो. येथे पुलावरून चालणाऱ्याला विचारतो की तू पाय जपून का टाकला नाहीस.

या भिंतीचे काय झाले ते मॅक्रोच्या इतिहासात स्वच्छ दिसते. वर्डच्या दस्तऐवजात प्रोग्राम दडवून तो पसरविता येतो हे १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' या व्हायरसने दाखविले होते. तेव्हा जे करायला हवे होते, म्हणजे बाहेरून आलेल्या फाइलीतील मॅक्रो मुळातच चालू न देणे, ते न करता पडद्यावर इशारा देण्याची आणि निर्णय वापरणारावर सोपविण्याची पद्धत पडली: फाइलीच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी, तिच्यात एक बटण. 'इमोटेट'च्या फाइलींत मोठ्या अक्षरांत सूचना असे की मजकूर दिसण्यासाठी ते बटण दाबा. आणि लोक दाबीत, कारण प्रामाणिक फाइलीही तेच सांगत. आयकराची विवरणपत्रे भरण्यासाठी सरकारकडून मिळणाऱ्या एक्सेल फाइलींतही अनेक वर्षे पहिली सूचना मॅक्रो चालू करण्याचीच असे. एकच बटण चोरही दाबायला सांगतो आणि सरकारही, तेव्हा त्या बटणाने कसली पारख व्हायची?

फेब्रुवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो यापुढे मुळातच बंद राहतील. जुलैत ही सुधारणा लोकांच्या तक्रारींमुळे काही काळ मागे घेतली गेली आणि थोड्या आठवड्यांत पुन्हा लागू झाली. तिचा परिणाम शिकवणुकीच्या साऱ्या परिपत्रकांहून अधिक झाला असावा, कारण चोरांनी तो मार्ग सोडून डिस्कच्या प्रतिमा, शॉर्टकटच्या फाइली आणि पुढच्या वर्षी वननोट या टिपणांच्या प्रोग्राममधल्या वह्या धुंडाळायला सुरुवात केली, आणि मग वननोटमध्येही तसाच बंदोबस्त करावा लागला. 'कन्सेप्ट'पासून या निर्णयापर्यंत सत्तावीस वर्षे गेली. या सगळ्या काळात खुलासे लिहून देत होते ते कारकून. त्या प्रेमपत्राची शेपटी झाकणारी मांडणी तर अजूनही बदललेली नाही: नवा संगणक विकत आणून सुरू केला की विंडोज आजसुद्धा ओळखीच्या फाइलींच्या नावातील शेवटची अक्षरे लपवूनच ठेवते, आणि ती पाहायची असतील तर सेटिंग कोठे आहे ते ज्याचे त्याने शोधून काढायचे असते.